सतरा शेऱ्यांचा फटका

माणसाने खोटं बोलू नये असं सगळेच सांगतात. पण बोलायची वेळ आलीच तर निदान आपल्या अंगाला झेपेल एवढंच बोलावं, हे मात्र कोणी सांगत नाही. पाणीपुरवठा कचेरीतले आपले हेडक्लार्क तसे सत्यवचनी गृहस्थ. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही खोटी नोंद केली नव्हती. खऱ्या नोंदीसुद्धा दोनदा पडताळून मगच केल्या होत्या. आणि हाच माणूस मुलीच्या लग्नाची बोलणी करायला गेला असताना, व्याह्यांच्या दिवाणखान्यात, हातात चहाचा कप धरून "पूर्वी गोल्फ खेळायचो" असं म्हणाला.

झालं असं, की व्याही म्हणजे पूल बांधणारे निवृत्त इंजिनिअर. उंची सहा फूट. बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात ते आणि मुलगा, दोघंच. भिंतीवर फोटो होते: पुलाजवळ उभे असलेले व्याही, दुसऱ्या पुलाजवळ उभे असलेले व्याही, आणि मधोमध हिरव्यागार मैदानावर हातात गोल्फची काठी घेतलेले व्याही. हेडक्लार्कांनी मनातल्या मनात आपल्या घरच्या भिंती आठवून पाहिल्या. एका भिंतीवर कॅलेंडर होतं आणि दुसरीवर ओल. मुलगी आणि तो मुलगा एकाच प्रयोगशाळेत कामाला, त्यांचं त्यांनीच जमवलेलं, त्यामुळे बोलण्यासारखं तसं काही उरलंच नव्हतं. पण आपली पोर उद्या या घरात वावरणार, तर ती कोणातरी मातब्बर माणसाची मुलगी म्हणून वावरली पाहिजे, कोणाची तरी म्हणून नव्हे, हा विचार हेडक्लार्कांना काही स्वस्थ बसू देईना. नेमकं तेव्हाच व्याह्यांनी विचारलं, "तुम्ही काही खेळता की नाही?"

खरं उत्तर एका शब्दाइतकं सोपं होतं. पण त्या क्षणी डोळे त्या मधल्या फोटोवर होते आणि तोंड बिस्किटासाठी उघडलेलं होतं. जे डोळ्यांना दिसलं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"काय सांगता!" व्याही खुर्चीतून उठलेच. "अहो, मला जोडीदारच मिळाला म्हणायचा! लग्नाच्या आधीचा रविवार रिकामा ठेवा. मैदानावर जाऊ. तुम्ही आणि मी, दोघंच!"

त्या रविवारला पाच आठवडे होते. घरी येताना बसमध्ये बायको तीन थांबे हातातल्या तिकिटाच्या घड्या घालत राहिली. चौथ्या थांब्याला म्हणाली, "तुम्ही गोल्फ कधी खेळलात हो?"

"लग्नाआधी."

"लग्नाआधी तर तुम्ही पत्तेसुद्धा नुसते वाटून द्यायचात."

मागच्या सीटवरून मुलगी पुढे वाकली. "बाबा, फोन करून सांगून टाका ना. ते काही रागावणार नाहीत."

"ते न रागावता हसतील," हेडक्लार्क म्हणाले. "आणि मग जन्मभर तुझ्याकडे बघितलं की त्यांना खोटारडा बाप आठवेल. ते काही नाही. पाच आठवडे आहेत. मी शिकतो. शिकलो की खोटं उरतच नाही."

यावर बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. हेडक्लार्कांच्या घरात विषय संपल्याची ही खूण होती.

आता इथे हेडक्लार्कांच्या कामाच्या पद्धतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढे जे रामायण झालं ते खेळामुळे नव्हे, या पद्धतीमुळे झालं. त्यांच्या कचेरीत कुठलीही फाइल पुढे सरकायची, तर वाटेतल्या प्रत्येक टेबलावरून तिच्यावर शेरा पडतो. शेरा कोणी मारला, शहाण्याने की शिपायाने, याला महत्त्व नाही. शेरा पडला की त्याची पूर्तता करायची आणि समोर लाल शाईने 'पूर्तता केली' असं लिहायचं. एकही शेरा गाळायचा नाही. दोन शेरे एकमेकांच्या विरुद्ध असले तर दोन्हींची पूर्तता करायची. हेडक्लार्कांच्या हातून अठ्ठावीस वर्षांत एकही फाइल शेरा राहिला म्हणून परत आली नव्हती. माणूस ज्या गोष्टीत वाकबगार असतो, त्याच गोष्टीत तो आपटतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी रद्दीच्या दुकानातून एक पुस्तिका पैदा केली. विषय गोल्फचा फटका मारताना शरीराची हालचाल कशी सुधारावी हा. आत एका सडपातळ गृहस्थाचे फोटो आणि प्रत्येकाखाली एक सूचना. गुडघे किंचित वाकवा. पाठ सरळ ठेवून कमरेतून झुका. वजन उजव्या पायावर न्या. डावा हात ताठ. खांदे नव्वद अंशांत वळवा. असं करत करत दहाव्या फोटोत त्या गृहस्थाची काठी डोक्यामागे पार वर पोहोचली होती आणि चेहऱ्यावर कर्जमुक्त माणसाचं समाधान होतं. दहाव्यानंतरची पानं फाटलेली होती.

हेडक्लार्कांनी एक फुलस्केप कागद घेतला, उभी रेघ मारली, डावीकडे दहा सूचना उतरवल्या आणि उजवीकडचा रकाना पूर्ततेसाठी मोकळा ठेवला.

बायकोने कागद वाचला. "आणि खाली कसं यायचं?"

"म्हणजे?"

"काठी वर नेलीत. ती खाली कशी आणायची ते यात नाही."

"वर गेलेली वस्तू खाली येतेच," हेडक्लार्क म्हणाले. "त्याला सूचना कशाला लागते?"

पहिला सराव झाला दिवाणखान्यात, छत्रीने. सूचना क्रमांक चारपर्यंत सगळं सुरळीत होतं. पाचव्या सूचनेला छत्री उघडली, सहाव्याला तिच्या टोकात छतावरचा दिवा अडकला आणि सातव्याला तो खाली आला. पुस्तिकेतल्या गृहस्थाच्या दिवाणखान्यात बहुधा दिवा नसावा. बायको केरसुणी घेऊन आली, काचा गोळा केल्या, आणि जाताना एवढंच म्हणाली, "गच्ची आहे की इमारतीला."

गच्ची होती, पण गच्चीला सेक्रेटरी होते. तळमजल्यावर राहायचे, आणि कोणीही काहीही मागितलं की आधी चष्मा लावायचे.

"गच्चीचा वापर तीनच कामांसाठी करता येतो," ते म्हणाले. "कपडे वाळत घालणं, टाकीची दुरुस्ती आणि ऊन खाणं. गोल्फ त्यात बसत नाही."

"व्यायाम म्हणून लिहा."

"व्यायाम ऊन खाण्यात बसवता येईल, सकाळी सहा ते साडेसात. पण चेंडू नेता येणार नाही. मागे मुलांनी चेंडू नेला होता, तो माझ्या कढईत पडला."

"चेंडूशिवाय करतो."

"आणि हातात काय असणार?"

"जुन्या पडद्याचा दांडा."

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "दांड्यासाठी वेगळा अर्ज लागेल."

हेडक्लार्कांनी दोन अर्ज दोन प्रतींत दिले. मनातून त्यांना या माणसाबद्दल आदरच वाटला. आता चेंडूशिवाय गोल्फ शिकणं म्हणजे पाण्याशिवाय पोहणं, असं एखादा म्हणेल. पण हेडक्लार्क ज्या खात्यात होते तिथे पाण्याशिवाय बरंच काही चालायचं, त्यामुळे त्यांना ती अडचण वाटली नाही.

सोमवारी सकाळी सहा वाजता ते दांडा घेऊन गच्चीवर गेले. साडेसहाला तिथे चार माणसं जमली होती. आपल्या लोकांचं एक बरं असतं. एखादा बुडत असला तर हात द्यायला कोणी मिळणार नाही, पण पोहताना त्याचं काय चुकलं हे सांगायला काठावर गर्दी होते.

पहिला शेरा मारला तळमजल्यावरच्या शिंप्याने. तो वाळत घातलेलं कापड काढायला आला होता. त्याने डोळे बारीक करून हेडक्लार्कांकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, एक बोलू? तुमचा डावा खांदा पाऊण इंच उतरलेला आहे."

"आज?"

"पंचवीस वर्षं झाली. मी आतून कापसाची गादी घालून झाकत आलोय. कोटात कळत नाही. पण तुम्ही असे गंजीफ्रॉकवर उभे राहिलात म्हटल्यावर..."

हेडक्लार्कांना हे फार लागलं. पंचवीस वर्षं आपण ताठ मानेने कचेरीत जात होतो, तो ताठपणा शिंप्याच्या कापसाचा होता, हे कोणालाही लागेल. पण शेरा तो शेरा. अकरा: डावा खांदा पाऊण इंच उचलून धरणे. बारा: तो उचललेला आहे हे दिसू न देणे.

त्यानंतर आले शेजारचे कवायत मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण अजून दार उघडायचे तेसुद्धा एक-दोन मोजून. "खेळ कुठलाही असो, उभं राहणं एकच!" ते ओरडले. "टाचा जुळवा! छाती बाहेर! हनुवटी आत!"

"पण यात पाय खांद्याइतके लांब ठेवायला सांगितलेत," हेडक्लार्कांनी कागद दाखवला.

"मग ठेवा लांब! पण टाचा जुळवून!"

दुसरा कोणी असता तर त्याने यातलं एक सोडलं असतं. हेडक्लार्कांनी दोन दिवस विचार करून उपाय काढला. टाचा जुळवायच्या, पावलं जमतील तितकी बाहेर वळवायची आणि गुडघे लांब न्यायचे. म्हणजे वरून पाहणाऱ्याला पाय लांब दिसतात आणि मागून पाहणाऱ्याला टाचा जुळलेल्या. तेरा: टाचा जुळवणे. चौदा: छाती बाहेर, हनुवटी आत. दोन्हींची पूर्तता केली.

तिसऱ्या मजल्यावर नाच शिकवणाऱ्या बाई राहायच्या. त्या चार दिवस नुसत्या बघत होत्या. पाचव्या दिवशी त्यांना राहवेना. "अहो, कंबर लाकडासारखी काय ठेवलीय? कंबर आधी गेली पाहिजे, मग अंग!" असं म्हणून त्यांनी हेडक्लार्कांची कंबर दोन्ही हातांनी धरून वळवून दाखवली. त्याच वेळी बायको कपड्यांची बादली घेऊन गच्चीत आली. तिने बादली खाली ठेवली, कपडे वाळत घातले, चिमटे लावले आणि परत जाताना म्हणाली, "चालू द्या. पाच आठवड्यांचंच आहे ना?" पंधरावा शेरा कागदावर चढला, पण त्याचा सराव पुढे हेडक्लार्कांनी एकट्यानेच केला.

शेवटचे दोन शेरे समोरच्या हाडांच्या डॉक्टरांचे. यांच्या शब्दाला वजन होतं, कारण सोनारानेच कान टोचावेत असं म्हणतात. "पोट आत ओढून ठेवा, म्हणजे पाठ जपली जाईल," ते म्हणाले. "आणि मुख्य म्हणजे घाई नको. वर गेलात की श्वास रोखायचा आणि पूर्ण थांबायचं. माझ्याकडे येतात ते सगळे घाईने आलेले असतात." सोळा आणि सतरा. कागद भरला.

सराव मात्र सतरा सूचनांचा एकदम झाला नाही. फाइल जशी एका वेळी एकाच टेबलावर असते, तसं हेडक्लार्कांनी रोज दोन-तीन सूचना वाटून घेतल्या होत्या. सोमवारी गुडघे, मंगळवारी खांदे, बुधवारी कंबर. दांडा वर गेला की दोन क्षण थांबायचे आणि कपाटावरचा डबा उतरवावा तसा तो अलगद खाली घ्यायचे. मुलगी कामावर जायच्या आधी चहाचा कप घेऊन गच्चीच्या दाराशी उभी राहायची. कप रिकामा झाला की जायची.

चौथ्या आठवड्यात मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. पाचवी सूचना, खांदे नव्वद अंशांत वळवणे, त्या दिवशी हेडक्लार्कांना पहिल्यांदाच पूर्ण साधली. इतके दिवस ते साठ-सत्तर अंशांतच अडायचे, त्यामुळे मागच्या तीस अंशांत काय आहे हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिथे पाण्याच्या टाकीचा पाइप होता. दांडा त्याला असा बसला, की पाइप मुळातून निखळला आणि भरलेली टाकी जिन्यातून तळमजल्याकडे निघाली. ती सगळ्यात आधी पोहोचली सेक्रेटरींच्या घरी.

अर्ध्या तासात इमारत कोरडी झाली आणि जिना ओला. सेक्रेटरी चष्मा लावूनच वर आले. हेडक्लार्क मान खाली घालून, पण डावा खांदा उचलून, उभे राहिले. त्यांनी चूक कबूल केली, पाइप स्वतः बसवून देतो म्हणाले. पण सेक्रेटरी नियमाचा माणूस. त्यांनी पाणीपुरवठा कचेरीकडे रीतसर तक्रार केली. ती दुपारी तीन वाजता हेडक्लार्कांच्याच टेबलावर आली. तक्रारदाराचं म्हणणं, इमारतीतल्या एका इसमाने लोखंडी दांड्याच्या साहाय्याने पाणीपुरवठा खंडित केला असून, सदर इसम आपल्याच खात्यात नोकरीस असल्याचे समजते.

हेडक्लार्कांनी तक्रार दोनदा वाचली. आवक क्रमांक घातला. मग पेन उचलून आपल्या सुवाच्य अक्षरात शेरा मारला: 'तथ्य आहे. सदर इसमास समज द्यावी.' आणि ती फाइल सही करून साहेबांकडे पाठवली. साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि समज दिली. परत टेबलाशी येऊन हेडक्लार्कांनी समोर लिहिलं, 'पूर्तता केली.' मला विचाराल तर अख्ख्या कचेरीत असा माणूस दुसरा सापडायचा नाही.

"आता तरी सांगा त्यांना," बायको त्या दिवशी जेवताना म्हणाली. "उद्या लोक विचारतील, मुलीचा बाप वाकडा का चालतो म्हणून."

"आता?" हेडक्लार्क म्हणाले. "सतरापैकी सतरा झाल्यात! आणि ऐक, उद्या मुलगी त्या घरात पाऊल ठेवेल, तेव्हा तिच्या सासऱ्याच्या मनात एक तरी गोष्ट अशी असायला हवी, की हिचा बाप माझ्या बरोबरीने उभा राहिला होता. मला त्यांना हरवायचं नाहीये गं. नुसतं शेजारी उभं राहायचंय."

बायकोने त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

आणि तो रविवार उजाडला. व्याही स्वतःची गाडी घेऊन न्यायला आले. "तुमचं सामान?" त्यांनी विचारलं. "जुनं झालं होतं, देऊन टाकलं," हेडक्लार्क म्हणाले. एक खोटं बोललं की त्याला सोबत म्हणून दुसरं लागतंच. "हरकत नाही, माझ्या काठ्या आहेत," व्याही म्हणाले आणि वाटभर काठ्यांबद्दलच बोलत राहिले. मैदानावर पोहोचल्यावर ओळखीचे दोघं-तिघं भेटले. त्यांनी व्याह्यांना लांबूनच हात केला आणि घाईघाईने दुसऱ्या दिशेला निघून गेले. हेडक्लार्कांना हे जरा चमत्कारिक वाटलं, पण ते विचारण्याची ही वेळ नव्हती.

पहिला फटका व्याह्यांनी मारला. तो झुडपात गेला. तो झुडपातच का गेला, हे त्यांनी पाच मिनिटं सविस्तर समजावून सांगितलं. मग गवतात छोटी खुंटी रोवली, तिच्यावर पांढरा चेंडू ठेवला आणि बाजूला होऊन म्हणाले, "या."

हेडक्लार्क चेंडूसमोर उभे राहिले. इतक्या जवळून गोल्फचा चेंडू ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. तो त्यांना फारच लहान वाटला. कागद खिशात होता, पण त्याची गरज नव्हती, सगळा तोंडपाठ होता. फक्त एक गोष्ट आजवर झाली नव्हती. सतराच्या सतरा सूचना एका दमात, एका शरीरात, कधीच एकत्र आल्या नव्हत्या.

त्यांनी टाचा जुळवल्या. गुडघे लांब नेले. पाठ सरळ, कमरेतून झुकाव, छाती बाहेर, पोट आत, हनुवटी आत. डावा खांदा पाऊण इंच वर, न दिसेलसा. मग कंबर निघाली, तिच्यामागून अंग निघालं. वजन उजव्या पायावर गेलं, डावा हात ताठ झाला, खांदे साठ, सत्तर, ऐंशी आणि नव्वद अंशांत वळले, कारण इथे मागे पाइप नव्हता. काठी डोक्यामागे पार वर पोहोचली. हेडक्लार्कांनी श्वास रोखला आणि पूर्ण थांबले.

सूचना इथे संपत होत्या.

पाठीत कुठेतरी कडी लागल्यासारखा बारीक आवाज झाला. तो फक्त हेडक्लार्कांनाच ऐकू आला. त्यांनी काठी खाली आणायचा हुकूम सोडला. तो अंगात कुठेच पोहोचला नाही. त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. त्याचीही पोच आली नाही.

आता गोल्फमध्ये एक रीत आहे. खेळाडू फटक्याच्या तयारीत असला की बाकीच्यांनी बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. व्याही तोंड मिटून उभे राहिले. एक मिनिट गेलं. शेजारच्या पट्ट्यावर एक कोच तीन विद्यार्थ्यांना शिकवत होता, तो या दिशेने पाहून थबकला. दुसरं मिनिट गेलं. गवत कापणाऱ्याने यंत्र बंद केलं. मागून चौघांचा एक गट आला, त्यांनी परिस्थिती पाहिली आणि सामान खाली न ठेवता जागच्या जागी उभे राहिले. तीन मिनिटं झाली. अख्ख्या मैदानावर शांतता पसरली, आणि तिच्या मधोमध आपले हेडक्लार्क, काठी उगारून, चेंडूवर नजर लावून, मूर्तीसारखे निश्चल. कोच विद्यार्थ्यांच्या कानात कुजबुजला, "बघा. वरच्या टोकाला असं थांबता आलं पाहिजे. घाई म्हणून नाही!" एका विद्यार्थ्याने फोटो काढला.

या कौतुकाने हेडक्लार्कांना एकदा वाटलंसुद्धा, की असंच राहावं. पण माणसाला श्वास सोडावा लागतो. चौथ्या मिनिटाला त्यांनी तो सोडला आणि त्याच्याबरोबर बारीक आवाजात म्हणाले, "अहो... जरा इकडे या."

व्याही चवड्यांवर चालत जवळ आले.

"मला खाली येता येत नाहीये."

व्याह्यांनी पुलाच्या खांबाकडे बघावं तसं त्यांना खालून वर पाहिलं. मग काठीवरून त्यांची दहाही बोटं एकेक करून सोडवली. काठी सुटली. हात तिथेच राहिले. मागच्या गटाला व्याह्यांनी पुढे जायची खूण केली, हेडक्लार्कांना कमरेला धरून बाजूच्या बाकापर्यंत नेलं आणि तिरके बसवलं. मैदानाच्या कचेरीत फोन करून तिथला डॉक्टर बोलावला. तो आठव्या पट्ट्यावर खेळत होता, वीस मिनिटं लागतील म्हणाला.

वीस मिनिटं फार असतात. कोणासमोर हात वर करून बसलेल्या माणसाने तर काय लपवायचं आणि कसं!

"मी गोल्फ कधीच खेळलेलो नाही," हेडक्लार्क म्हणाले. हनुवटी आत असल्यामुळे ते छातीशीच बोलत होते. "पूर्वीही नाही. सामानही नव्हतं. त्या दिवशी तुमच्या घरी सगळं खोटं बोललो. पोरीला यात काही बोलू नका. ती पहिल्यापासून सांगत होती, खरं सांगा म्हणून. तिचा बाप लहान वाटू नये, एवढंच होतं माझ्या मनात."

व्याही त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुमच्या मुलीने दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं. मुद्दाम घरी आली होती. मी म्हटलं, बिचाऱ्यांना उगाच ताण, मी फोन करून बेत रद्द करतो. तर म्हणाली, 'नको काका. बाबा आत्तापर्यंत जे काही शिकलेत ते माझ्यासाठी. मला गणित येईना म्हणून गणित शिकले, मला शिकवायची म्हणून चाळिसाव्या वर्षी सायकल शिकले. हेही माझ्यासाठीच चाललंय, पण या वेळी त्यांना मजा येतेय. गच्चीवरून उतरताना शीळ घालतात. मी जन्मात त्यांची शीळ ऐकली नव्हती. शिकू द्या त्यांना.'"

आपण शीळ घालतो हे हेडक्लार्कांना माहीत नव्हतं.

"आणि खरं सांगू?" व्याह्यांनी आवाज उतरवला. "मलाही बेत रद्द करायचा नव्हता. इथे माझ्याबरोबर कोणी खेळत नाही. मी फार बोलतो म्हणे. मघाशी पाहिलंत ना, लांबूनच हात करतात. ही होती तेव्हा निदान ऐकून घ्यायची. तुम्ही मघाशी त्या झुडपाचं पाच मिनिटं ऐकलंत, तेवढं चार वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं."

गवत कापायचं यंत्र पुन्हा सुरू झालं.

"एक अट मात्र घातली होती तिने," व्याही म्हणाले. "म्हणाली, मैदानावर काहीही झालं तरी हसायचं नाही. बाबांना लागतं. म्हणून मी मघापासून..." त्यांचा आवाज मधेच घोगरा झाला. सहा फुटी माणूस, पण मान लाल झाली होती आणि खांदे नाही म्हटलं तरी थरथरत होते. "मघापासून ओठ आवळून बसलोय हो. आता... जरा हसलो तर चालेल का?"

हेडक्लार्कांनी यावर नीट विचार केला.

"हरकत नाही," ते म्हणाले.

तेव्हा व्याही जे हसायला लागले, ते मागच्या गटातल्या माणसाचा फटका चुकेपर्यंत हसले. ते हसताहेत हे पाहून हेडक्लार्कांनाही आवरेना. हसलं की बरगडीत कळ यायची, कळ आली की ते 'आई गं' म्हणायचे, आणि ते ऐकून व्याह्यांना नवं हसू यायचं. हसता हसता कधी, कशामुळे कोण जाणे, हेडक्लार्कांचे डोळे भरून वाहायला लागले. ते पुसावेत म्हटलं, तर दोन्ही हात वर. व्याह्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, आणि आधी त्यांचे डोळे पुसले, मग आपले.